अग्निबाणांची पाकिटे
(सुवर्णमहोत्सवी समारंभात एका सभासदांनी केलेले भाषण)



चिटणीसांनी मला दहा मिनिटे दिली आहेत व ‘माझा छंद’ हा विषय नेमून दिला आहे. छंदी माणसाच्या हाती वेळ देणे किती धोक्याचे, हे ज्यांच्या घरी असा प्राणी आहे त्यांना सांगावयास नको. म्हणून आज एकाच पेटीविषयी बोलतो.

ही पेटी आपल्या एका दिवंगत सभासदांची. त्यांच्या पत्नीने ती गेल्या वर्षी संस्थेस दिली. आतील पाकिटे विकून येईल ती रक्कम विद्यार्थी साहाय्य निधीत जमा करावी, अशी वहिनींची इच्छा. यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. पाकिटे सारी अग्निबाणांच्या टपालाची!

हा उद्योग केवळ अमेरिका-रशियाचा, असे कोणी समजू नये. शिलाँग येथे १८९१ साली जन्मलेल्या स्टीफन स्मिथ नावाच्या गृहस्थांनी ३० सप्टेंबर १९३४ रोजी जहाजावरून सागर बेटाकडे पत्रे भरलेला अग्निबाण सोडला. तो हवेतच फुटला. पण गृहस्थ चिकाटीचे! १९३५ साली सिक्कीमच्या महाराजांच्या आश्रयाने त्यांनी तेथे पत्रे व लहानसहान जिन्नस अग्निबाणाने नदीपार धाडले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दामोदर नदीवरून एक कोंबडा आणि एक कोंबडी यांना प्रवास घडविला, आणि दोघेही सुखरूप उतरले. आपल्या टपालखात्याने १९९२ साली स्मिथ यांच्या नावाचे तिकीट काढले.

त्यानंतरच्या अवकाशयुगातली पाकिटे बहुधा जमिनीवरच राहिलेली असतात. संग्राहक स्वतःचा पत्ता घातलेले पाकीट उड्डाणस्थळाजवळच्या टपालकचेरीकडे आधीच पाठवीत असे; उड्डाणाच्या दिवशी त्यावर शिक्का मारून ते परत येई. म्हणजे सारी किंमत त्या शिक्क्यातल्या तारखेची व गावाची. मुलांनो, तिकीट पाण्यात भिजवून काढू नका. मी लहानपणी मामांनी दिलेल्या एका पाकिटाचे असेच मातेरे केले आहे.

आता पेटीतली अडचण सांगतो. २० फेब्रुवारी १९६२ रोजी सकाळी पावणेदहाच्या सुमारास जॉन ग्लेन केप कॅनव्हेरलहून उडाले, पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालून दुपारी समुद्रात उतरले. अमेरिकन टपालखात्याने चार सेंटांचे तिकीट गुपचूप छापून बंद पुडक्यांतून कचेऱ्यांकडे आधीच धाडले होते. ग्लेन सुखरूप उतरल्यावरच, दुपारी साडेतीनच्या सुमारास, ते विक्रीस आले. आमच्या स्नेह्यांच्या पेटीत नेमके हेच तिकीट लावलेले पाकीट आहे, आणि शिक्का आहे त्याच दिवशीच्या सकाळी नऊचा! जे तिकीट सकाळी कोणाला मिळतच नव्हते, त्यावर सकाळचा शिक्का कसा पडेल? मी भिंग घेऊन दोन रात्री बसलो. दुसऱ्या एका जाणकारांनाही दाखविले. शिक्का बनावट ठरला.

हेच पाकीट स्नेह्यांनी सर्वांत जपले होते. विकत घेताना मोजलेली रक्कम मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिली आहे. ती त्यांच्या त्या काळच्या पगाराच्या मानाने थोडी नव्हे. यादीत ते गाळावे, वहिनींना काहीच कळू नये, असे एकदा मनात आले. शेवटी त्यांच्या घरी गेलो आणि चाचरत सारे सांगितले. त्या म्हणाल्या, “त्यांना कळलं असतं तर आठवडाभर जेवले नसते. पण भावजी, ते खरं म्हणून कोणाच्या गळ्यात घालू नका. खोटं असं लिहून ठेवा, म्हणजे दुसरा कोणी फसणार नाही.”

त्याप्रमाणे केले आहे. बाकीची पाकिटे चिटणीसांच्या टेबलावर यादी व किमतींसह मांडली आहेत. हे एक मात्र दाराजवळच्या काचेच्या पेटीत आहे, विक्रीस नाही. शेजारी भिंग ठेवले आहे. चहाच्या वेळी शिक्क्यातला तास अवश्य पाहावा.