बरगे केव्हा काढावयाचे?



गारगोटीस येताना वाटेत वेदगंगेवरच्या एका बंधाऱ्याशी आम्ही थोडा वेळ थांबलो. बरगे घातलेले होते, वरच्या अंगाला पाणी तुंबले होते आणि त्यात म्हशी निवांत बसल्या होत्या. आजचा आमचा विषय हवामानाचा अंदाज हा आहे, आणि त्याची सुरुवात कोठून करावी हे आम्हांला त्या बंधाऱ्याने सुचविले.

या पद्धतीच्या बंधाऱ्याला सारा देश कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतो. त्याचे मर्म बरगे घालण्यात आणि काढण्यात आहे. पावसाळ्यापूर्वी बरगे काढावे लागतात. नाही काढले तर पहिल्या मोठ्या पाण्याला बंधारा अडसर होतो, पाणी काठ फोडून शेतात शिरते. पण फार लवकर काढले तर उन्हाळ्यात जपलेले पाणी वाहून जाते आणि उभा ऊस वाळतो. पावसाळा सरल्यावर तीच अडचण उलट बाजूने येते. लवकर घातले आणि परतीच्या पावसाने गाठले तर धोका. उशीर केला तर नदी आटलेली. म्हणजे बरगे काढणारा माणूस आभाळाकडे पाहतो, पण पाऊस डोक्यावर येईपर्यंत थांबत नाही. पाणी चढल्यावर बरगे काढावयास जाणे हा जिवाशी खेळ आहे, हे त्याला ठाऊक असते. अपुऱ्या माहितीवर, वेळेच्या आधी, चुकण्याची जोखीम पत्करून तो निर्णय घेतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की जे आपण बंधाऱ्याच्या बाबतीत करतो, ते माणसांच्या आणि गुराढोरांच्या बाबतीत करीत नाही.

अंदाज वर्तविण्याची हौस आपल्याला नवी नाही. पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहावयाचे, बेडूक की म्हैस की गाढव, आणि त्यावरून पावसाची अटकळ बांधावयाची, हे आमच्या आजोबांनी केले. सहदेव-भाडळीची वचने त्यांना तोंडपाठ होती. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा, ही नावे ज्यांनी ठेविली त्यांची नजर बारीक होती यात संशय नाही. आम्ही त्यांची चेष्टा करणार नाही. पण वाहन बेडूक निघाले म्हणून आजोबांनी पेरणीत काही फरक केल्याचे आम्हांला आठवत नाही. ऐकावयाचे, मान डोलवावयाची आणि नेहमीप्रमाणे चालावयाचे! शास्त्रीय अंदाज आला तरी आपली ही सवय काही गेलेली नाही.

या शास्त्रीय अंदाजाचा जन्मच मुळी आपत्तीतून झालेला आहे. १८६४ साली कलकत्त्यास मोठे चक्रीवादळ झाले, १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला, आणि १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले. (योगायोग असा की न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही त्याच वर्षी.) पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. त्यानंतर खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून पावसाळ्याचा अंदाज बांधावयास प्रारंभ केला. १८८६ पासून तो रीतसर प्रसिद्ध होऊ लागला. दुष्काळ येण्यापूर्वी कळावे, हाच त्यामागील हेतू.

पण त्याच काळात दुष्काळाचे जे कायदेकानू झाले, त्यांचा पाया वेगळा होता. तो होता आणेवारी. पीक किती आणे आले ते मोजावयाचे आणि मग दुष्काळ आहे की नाही ते ठरवावयाचे. पुढे आणे जाऊन पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली, पण रीत तीच राहिली. सप्टेंबरात नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ. म्हणजे रोगी दगावल्यावर नाडी पाहण्यासारखे झाले. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीने पाऊस, जमिनीतील ओल आणि पिकाची हिरवाई यांच्या निर्देशांकांवर भर दिला, आणि महाराष्ट्रात २०१८ साली ऑक्टोबर अखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो या नव्या रीतीने. हे पाऊल पुढचेच आहे. तरीही तो निदानाचा प्रकार आहे, अंदाजाचा नव्हे.

अंदाज हाती असून तो वाया कसा जातो, याचे एक उदाहरण सांगतो. २०१५ सालच्या एप्रिलात हवामान खात्याने सांगितले की यंदा पाऊस सरासरीच्या ९३ टक्के होईल. जूनमध्ये त्यांनी तो आकडा ८८ वर आणला. प्रशांत महासागराचे पाणी तापले होते, एल निनोची चिन्हे स्पष्ट होती. पावसाळा संपला तेव्हा देशाचा पाऊस भरला ८६ टक्के. अंदाज इतका जवळ गेला! त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस तुटीचाच होता, मराठवाड्यातील धरणे आधीच खोल गेली होती. आता पुढे पहा. २०१६ च्या एप्रिलात आपल्या शेजारच्या मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. जूनपासून एप्रिलपर्यंत दहा महिने झाले. या दहा महिन्यांत धरणातील उरलेसुरले पाणी पिण्यासाठी राखून ठेवता आले असते, नव्या उसाची लावण थांबविता आली असती, चाऱ्याची पेर वाढविता आली असती. पाण्याची आगगाडी पाहून सर्वांना कौतुक वाटले, आम्हांलाही वाटले. पण ती गाडी म्हणजे दहा महिन्यांच्या उशिराचे भाडे होते.

दुष्काळ निदान हळूहळू येतो. पुराची गोष्ट निराळी, आणि ती आपल्याला अधिक जवळची.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमचे एक आप्त शिरोळ तालुक्यात राहतात. त्यांच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण कोरलेली होती. त्यांनी धान्याची पोती त्या खुणेच्या हातभर वर, माळ्यावर चढविली आणि ते घरातच राहिले. त्या दिवशी शिरोळला ऊनसुद्धा पडले होते म्हणतात. आम्हांला त्यांचा फोन आला, "काय करू?" आम्ही सांगितले, "२००५ च्या वर काही पाणी यावयाचे नाही." घाटमाथ्यावर अतिवृष्टीचा इशारा होता, तो आम्ही सकाळीच वाचला होता. वाचला आणि तरी असे सांगितले! पाणी खुणेच्या वर गेले, पोती भिजली, माणसे बोटीतून निघाली. दावी कापून गुरे सोडली होती, त्यांतील एक म्हैस परत आली नाही. माणसे वाचली म्हणून आज ही गोष्ट सांगण्याचे धैर्य होते. त्याच पुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून जी माणसे गेली, त्यांच्या घरी ही गोष्ट अशी सांगता येणार नाही.

आमची चूक कशात होती? माहिती नव्हती असे नव्हे. माहिती मिळाल्यावर काय करावयाचे ते आधी ठरलेले नव्हते. मग माणूस मागच्या अनुभवाकडे धावतो, आणि मागचा अनुभव मागच्या पुराचा असतो.

येथे राधानगरीच्या धरणाची आठवण होते. शाहू महाराजांनी ज्याचे काम सुरू केले त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की दरवाजा आपोआप उघडतो. तो बैठक बोलावीत नाही, वरून हुकूम येण्याची वाट पाहत नाही. अर्थात तो पाणी आल्यावर उघडतो, आणि आम्ही बोलतो आहोत ते पाणी येण्यापूर्वीचे. पण नियम शांत वेळी ठरवून ठेवण्याची जी युक्ती त्यात आहे, ती उचलण्यासारखी आहे.

ही युक्ती माणसांच्या बाबतीत चालते का? २०२० च्या जुलैत बांगलादेशात जमुनेच्या काठी ती चालवून पाहिली. किती दिवस आधी, किती मोठ्या पुराची, किती शक्यता दिसली म्हणजे पैसे सोडावयाचे, हे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी आधीच लिहून ठेविले होते. दहा दिवसांच्या अंदाजावर तयारी, पाच दिवसांच्या अंदाजावर वाटप. अंदाज आला आणि पुराचे पाणी शिगेला पोहोचण्यापूर्वी गरीब कुटुंबांच्या हाती रोख रक्कम पडली. त्यातून त्यांनी धान्य घेतले, चारा घेतला, जनावरे हलविली. ज्यांना ही रक्कम मिळाली त्यांच्यावर उपासाचा दिवस कमी वेळा आला, असे नंतरच्या पाहणीत दिसले. आपल्याकडे मदत मिळते ती पंचनाम्यानंतर. पंचनामा हवाच, पण पाण्यात गेलेल्या म्हशीचा पंचनामा करण्यापेक्षा ती माळावर नेण्याचे टेम्पोभाडे स्वस्त पडते, हा हिशेब कठीण नाही.

आणि आपल्या देशातही हे घडते. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. २०१३ साली फायलिन वादळ आले तेव्हा लाखो लोक आधीच हलविले गेले आणि मृत्यूंची संख्या दोन आकड्यांत राहिली. आपल्या जिल्ह्यातही २०२१ च्या जुलैत पाणी २०१९ पेक्षा वर, ५६ फुटांपलीकडे गेले. पण आधीचा धडा ताजा होता, आणि पुष्कळ कुटुंबे गुरांसह वेळीच बाहेर पडली.

आता जो प्रश्न टाळता येणार नाही त्याकडे वळतो. अंदाज चुकला तर? आणि तो चुकणार. खाते जेव्हा नारिंगी किंवा लाल इशारा देते तेव्हा ते शक्यता सांगत असते, शपथेवर साक्ष देत नसते. शिवाय इशारा बहुधा जिल्ह्याचा असतो, आणि आपला जिल्हा एकसारखा नाही. गगनबावड्यास शंभर मिलिमीटर म्हणजे आषाढातला एक साधा दिवस. शिरोळास तोच पाऊस म्हणजे हाहाकार. आपल्या भुदरगड तालुक्यातसुद्धा पाटगावचा पाऊस आणि पूर्वेकडच्या गावांचा पाऊस यांची सोयरीक जमत नाही. म्हणून पाटगावला दिवसभरात किती पाऊस झाला आणि मौनीसागरातून किती पाणी सुटले म्हणजे गारगोटीपाशी वेदगंगा किती वेळाने किती चढते, याची वही येथल्याच कोणी ठेवावयास हवी. ज्या शाळा-महाविद्यालयांनी या गावाला नाव मिळवून दिले, त्यांच्या विद्यार्थ्यांना हे काम जड नाही. तीन-चार पावसाळ्यांत ती वही बोलू लागेल.

परंतु वही झाली तरी चुकीच्या अंदाजाचा खर्च राहतोच. गेल्या पावसाळ्यात नदीकाठच्या एका वस्तीवर हेच सारे आम्ही समजावून सांगत होतो. लोक ऐकत होते. शेवटी भांगलणीला जाणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमी सांगितलं म्हणून शाळंत जाऊन बसलो आनि पानी न्हाई आलं, तर माज्या दोन दिसांच्या रोजाचं काय?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. बागायतदाराला दोन दिवस म्हणजे काही नाही; तो ट्रॅक्टर काढील, पाहुण्याकडे जाईल, परत येईल. अंदाज चुकला तर भुर्दंड पडतो तो रोजावर जगणाऱ्याला, आणि बरोबर ठरला तर फायदा सर्वांचा. मग तो रोज त्या बाईंनी एकटीने का सोसावा?

येथे ग्रामपंचायतींचे सदस्य बसलेले आहेत, दूध संस्थांचे आणि सेवा सोसायट्यांचे संचालक आहेत. मेअखेरीस पावसाळ्याचा सुधारित अंदाज येईल, आणि त्याच सुमारास बरगे निघतील. त्या आठवड्यात एक बैठक घ्यावी. कोणत्या इशाऱ्याला कोणती वस्ती हलेल, गुरे कोणाच्या गोठ्यात जातील, टेम्पो कोणाचा, आणि इशारा खोटा ठरला तर बुडालेला रोज कोणत्या खात्यातून दिला जाईल, हे कागदावर लिहून चावडीवर लावावे. रक्कम फार मोठी होणार नाही. आम्ही त्या वस्तीपुरती मोजून पाहिली, ती गावच्या जत्रेतल्या एका तमाशाच्या सुपारीहून कमी भरली. त्या बाईंना आम्ही सांगून आलो आहोत की पुढच्या मृगापूर्वी उत्तर घेऊन येतो.