कुटुंबनियोजनाच्या संस्थेचा इतिहास आणि आपल्या माता-भगिनींचा हक्क

(डहाणू येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



धम्मदीक्षेच्या वेळी आपण बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. त्यांतील समतेची प्रतिज्ञा घराच्या उंबरठ्याबाहेरच थांबते की चुलीपर्यंत पोहोचते, याची परीक्षा ज्या एका प्रश्नाने होते, तो प्रश्न म्हणजे मूल केव्हा व्हावे आणि किती व्हावीत, हे कोणी ठरवावयाचे?

या भूमीत तो प्रश्न फार जुना आहे. डहाणू व तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत. येथे लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढणारा आदिवासी ‘लग्नगडी’ होई. तो राबे, त्याची बायको राबे, आणि त्या बायकोच्या शरीरावरही मालक आपला अधिकार समजे. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या झेंड्याखाली वारली उठले व त्यांनी वेठ मोडली. (गोदावरीबाई कायद्याच्याच पदवीधर होत्या, हे मी माझ्या व्यवसायबंधूंना मुद्दाम सांगत असतो.) मालकाचा अधिकार गेला, परंतु तो स्त्रीच्या स्वतःच्या हाती आला काय? पुष्कळ घरांत तो केवळ नवऱ्याच्या व सासूच्या हाती गेला.

मुंबईत या प्रश्नाला प्रथम धीटपणे हात घातला तो र. धों. कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. सनातन्यांनी त्यांस कोर्टात खेचले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते परमपूज्य बाबासाहेबांनी. खटला हरला. लोकांनी तोंड फिरविलेल्या विषयासाठी बाबासाहेब उभे राहिले, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली गेली पाहिजे.

ते अकस्मात घडले नव्हते. १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकास त्यांनी पाठिंबा दिला, आणि त्या खर्चाचा काही भार सरकारनेही उचलावा असे सांगितले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाच्या साधनांचा सरकारने प्रसार करावा असा ठराव त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी असेंब्लीत मांडला. प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वाट्यास आल्या असत्या, तर त्यांनी दुसऱ्या मुलाचे नाव काढले नसते, अशा आशयाचा त्यातील युक्तिवाद आजही बोचतो. ठराव फेटाळला गेला.

जे सभागृहाने नाकारले ते अकरा वर्षांनी एका धर्मादाय संस्थेने हाती घेतले. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन झाला. धन्वंती रामा राव या पहिल्या अध्यक्षा; त्यांच्यासोबत आवाबाई वाडिया, ज्या स्वतः बॅरिस्टर होत्या व पुढे ३४ वर्षे अध्यक्षपदी राहिल्या. १९५२ मध्ये याच संघाच्या पुढाकाराने मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली व तिच्यातून जागतिक संघटना जन्मास आली. जुन्या ठाणे जिल्ह्यात भिवंडीलाही या संघाचे केंद्र उभे राहिले.

संघाचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट बोलली पाहिजे. या चळवळीतील प्रतिष्ठित मंडळींच्या भाषणांत गरिबाची मुले ही पुष्कळदा देशावरील ओझे म्हणून येत. बाबासाहेबांच्या पक्षाच्या ठरावात आईचे आरोग्यही होते. लोकसंख्येचा आकडा तेवढा पाहणे व माणूस पाहणे यांतील अंतर १९७६ साली उघडे पडले. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली, आणि तिचा वरवंटा मुख्यतः गोरगरिबांवर फिरला. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. सुईची भीती अडाणीपणातून येते असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष विसरू नये.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मूल होऊ देणे वा न देणे हा निर्णय घटनेच्या २१ व्या कलमातील स्वातंत्र्याचा भाग मानला. बिहारमधील अररिया जिल्ह्यात २०१२ मध्ये एका शाळेत दोन तासांत ५३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या; त्या प्रकरणी २०१६ मध्ये न्यायालयाने अशी शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला. शस्त्रक्रियेपूर्वी तिचे परिणाम आपल्या भाषेत समजावून घेणे हा तुमचा हक्क आहे; न समजता अंगठा उमटवू नका. त्यास नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. १९७१ च्या कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासही तिची एकटीची संमती पुरे. २०२१ पासून काही प्रकरणी ही मुदत २४ आठवड्यांपर्यंत आहे, आणि २०२२ च्या निकालाने अविवाहितेसही तो लाभ मिळाला. मुलगी अल्पवयीन असेल, तर तिने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांस तिचे नाव कळविण्याची गरज नाही, असेही तो निकाल सांगतो. बदनामीच्या भयाने मुलीला वैदूकडे नेणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे.

पुरुषांनाही विचारतो. मुलगा होईपर्यंत बायकोला बाळंतपणे काढावयास लावणारे आपल्यात नाहीत काय? मल्लिका राणीला कन्या झाल्याचे ऐकून राजा प्रसेनजित खिन्न झाला, तेव्हा कन्या पुत्राहूनही श्रेष्ठ ठरू शकते असे भगवंतांनी त्यास सांगितले. आणि पुरुषाची नसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असताना आपण बायकोलाच पुढे का करतो?

दिवाळीनंतर आपली कुटुंबे वीटभट्टीवर वा बोटीवर जातात. गरोदर भगिनीने जाण्यापूर्वी आशाताईकडून तपासणीचे कार्ड घ्यावे व ते जवळ बाळगावे. तलासरीचे ग्रामीण रुग्णालय वा डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय येथून सिलवासा-वलसाडला पाठविले, तर त्याची चिठ्ठी मागून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतरही दिवस गेले, तर सरकारी योजनेत भरपाई आहे. अर्जास उशीर करू नये. आणि कोणी सक्ती केली वा उपचार नाकारला, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीस, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे द्यावयाचा. तो लिहून देण्यास मी सभेनंतर येथेच बसणार आहे.

जय भीम.