सरावपट : एक खोली, दोन माणसे, एक कप चहा

चित्रपटविद्येचा विद्यार्थी आरंभीच्या काळात हात बसावा म्हणून जो छोटा चित्रपट करतो, आणि ज्याला सोयीसाठी सरावपट म्हणता येईल, तो मुळात प्रेक्षकांसाठी नसतोच. चित्रभाषेतील एखादाच प्रश्न प्रत्यक्ष सोडवून पाहणे एवढेच त्याचे प्रयोजन असते, आणि त्याचा विसर पडला की पाच मिनिटांत प्रेम, मृत्यू आणि समाजव्यवस्था असे सारे कोंबण्याचा मोह आवरत नाही.

भारतीय कथाचित्रपटाच्या उंबरठ्यावरच असा एक सरावपट उभा आहे. १९१२ साली लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणल्यावर दादासाहेब फाळके यांनी लगेच कथाचित्र हाती घेतले नाही. वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा रोखून त्यांनी ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली, त्यामुळे अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली आणि हेच दृश्य दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करता आले. प्रश्न एकच, पात्रही एकच, आणि तेही असे की ज्याला पुन्हा अंकुरायला सांगण्याची सोय नव्हती.

पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या आणि आज फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत विद्यार्थ्यांकडून जे सराव करून घेतले जातात, त्यांत सातत्याचा सराव महत्त्वाचा मानला जातो. सातत्य म्हणजे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले तुकडे जोडले असता कृती अखंड वाटणे. मुलगा दार उघडून आत येतो, आई त्याच्यासमोर चहाचा कप ठेवते आणि तो न बोलता अर्धा चहा पितो, एवढा प्रसंग या सरावाला पुरेसा आहे. त्याचे शॉट कागदावर पाडताना, म्हणजे कॅमेरा कोठून, किती अंतरावरून आणि किती वेळ पाहणार हे ठरवताना, मायलेकांना जोडणारी एक कल्पित रेषा खोलीच्या आराखड्यावर ओढून घ्यावी लागते. कॅमेरा अकारण तिच्या पलीकडे गेला, तर समोरासमोर बसलेली दोन माणसे पडद्यावर एकाच दिशेला पाहताना दिसतात आणि संवाद भिंतीशी चालल्यासारखा वाटतो.

रेषा सांभाळली तरी चहा दगा देतोच. दूरच्या शॉटमध्ये कप उजव्या हातात आणि काठोकाठ भरलेला असतो. जवळचा शॉट लावेपर्यंत वाफ गेलेली असते, चहावर साय धरलेली असते आणि तिसऱ्या टेकला, म्हणजे त्याच शॉटच्या तिसऱ्या प्रयत्नाला, कप डाव्या हातात आलेला असतो. म्हणून प्रत्येक टेकनंतर कपातील पातळी, हात आणि संवादातील नेमका शब्द यांची नोंद ठेवणारा सहकारी लागतो, आणि विद्यार्थ्यांच्या चमूत नेमके हेच काम कोणालाही नको असते.

चित्रीकरणाचा क्रम कथेचा नसून प्रकाशाचा असतो. पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता येणारे ऊन सहाला त्याच जागी नसते, म्हणून खिडकी दिसणारे सारे शॉट, त्यात कथेचा शेवट असला तरी, आधी उरकावे लागतात.

कच्च्या फिल्मच्या काळात मोजकेच टेक घेण्याची शिस्त खर्चच लावत असे. सोळा मिलिमीटरच्या शंभर फुटांत सुमारे चार हजार चौकटी बसतात आणि सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने त्या पावणेतीन मिनिटांतच संपतात. परिणामी कॅमेरा सुरू करण्यापूर्वी तालीम पुरी झालेली असे. मेमरी कार्डाने ती टंचाई संपवली, पण पहिल्या टेकमध्ये काय चुकले हे न सांगता दहावा टेक घेण्याची सवयही लावली, त्यामुळे शॉटला तीनच टेक असा निर्बंध विद्यार्थ्याने स्वतःवर घालून घेणे हिताचे ठरते.

ध्वनीकडे मात्र लक्ष जाते ते बहुधा संकलनाच्या टेबलावर, म्हणजे उशिरा. क्लॅपची फळी आपटली जाते ती रुबाबासाठी नव्हे, तर फळी मिटल्याची चौकट आणि तिचा आवाज यांवरून वेगळे मुद्रित झालेले चित्र व ध्वनी जुळवता यावेत म्हणून. पंखा आणि फ्रीज बंद करता येतात, शेजारच्या कुकरची शिट्टी बंद करता येत नाही. शेवटी, सामान आवरण्याची घाई झालेली असतानाच, ध्वनिमुद्रक सर्वांना जागीच उभे करून मिनिटभर कोणी न बोलता त्या खोलीचा स्वतःचा आवाज टिपून घेतो, कारण आईच्या दोन वाक्यांमध्ये कापलेली जागा नुसत्या शांततेने भरली तर तेथे ध्वनी तुटल्यासारखा वाटतो, आणि त्या फटीत हाच खोलीचा आवाज बसवावा लागतो.