येऊं घातलेली मोटार

जी वस्तु अद्याप कोणीं पाहिलेली नाहीं, तिच्याविषयीं बोलण्यांत माणसाला विशेष गोडी वाटते. अतिवेगवान मोटारीचें, जिला हल्लीं सर्वत्र सुपरकार म्हणतात तिचें, असेंच आहे. आच्छादनाखालीं झांकलेल्या गाडीचें एखादें अंधुक छायाचित्र प्रसिद्ध होतें, आणि तिचा आकार कसा असेल, इंजिन कोणाचें असेल, आंत पेट्रोल आणि वीज यांचा संकर असेल कीं काय, अशा तर्कांना ऊत येतो. पनवेलजवळच्या सुकापूरसारख्या ठिकाणीं राहणाऱ्या तरुणांना या विषयाचें आकर्षण वाटावें हें स्वाभाविकच आहे. एका बाजूस मुंबईंतील मोठ्या मोटार-कंपन्यांच्या कचेऱ्या आणि दुसऱ्या बाजूस पिंपरी व चाकण येथील कारखाने, यांच्यामधली वाहतूक पनवेलवरूनच जाते, आणि २००२ सालीं पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग तेथून फारसा दूर नाहीं.

परंतु हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाहीं. अशा गाडीसाठीं कोणी आगाऊ रक्कम भरतो, कोणी अभियंता आयुष्याचीं चार-पांच वर्षें तिच्यांत घालतो, आणि आपल्या कारखान्यांतूनहि जगांतील उत्तम मोटार बाहेर पडावी अशी आशा पुष्कळजण मनांत बाळगतात. तर्क खोटा ठरला म्हणजे यांतील कांहीं ना कांहीं बुडतें. म्हणून अशा तर्कांची पारख कशी करावी, हा या भाषणाचा विषय आहे. त्यासाठीं आकार, सामाईक भाग आणि संकरित यंत्र, हे तीन मुद्दे क्रमानें घेणें सोयीचें होईल.

प्रथम आकाराचा विचार करूं. प्रदर्शनांत फिरत्या चौथऱ्यावर उभी असलेली गाडी आणि गिऱ्हाइकाच्या दारांत येणारी गाडी यांत किती अंतर पडूं शकतें, याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील जग्वार कंपनीची एक्स-जे २२०. १९८८ सालीं बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनांत ती मांडली गेली, तेव्हां तिच्यांत बारा सिलिंडरांचें इंजिन होतें आणि चारहि चाकांना शक्ति पुरविण्याची योजना होती. पुढें विक्रीची घोषणा झाली आणि श्रीमंत गिऱ्हाइकांनीं प्रत्येकीं ५०,००० पौंड आगाऊ भरले. १९९२ सालीं गाडी हातीं आली, तेव्हां इंजिन सहा सिलिंडरांचें होतें आणि शक्ति फक्त मागील चाकांना मिळत होती. गाडी कमी प्रतीची नव्हती. वेगाच्या बाबतींत ती त्या काळच्या सर्व मोटारींच्या पुढें होती. परंतु मधल्या काळांत बाजार मंदावला होता. दिलेल्या वचनाप्रमाणें गाडी नाहीं, असें म्हणत कित्येक गिऱ्हाइकें मागें फिरलीं आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलें. साडेतीनशें गाड्यांची योजना होती. प्रत्यक्षांत सुमारें २८० तयार झाल्या.

यावरून असें दिसतें कीं, बाह्य आकार हा अंदाजाचा सर्वांत कच्चा आधार होय. रेघोट्या मारणें स्वस्त असतें. त्या रेघांच्या आंत इंजिन, इंधनाची टांकी, थंड हवेचे मार्ग आणि दोन माणसें बसविणें महाग असतें. एक्स-जे २२० मध्यें बारा सिलिंडरांचें लांब आणि जड इंजिन सोडून द्यावें लागलें तें अशाच अडचणींपायीं. म्हणून ज्याला खरा अंदाज करावयाचा आहे, त्यानें गाडीच्या पाठीवरची वक्ररेषा पाहण्याआधीं तिच्या पोटांत काय मावतें याचा हिशेब करावा.

दुसरा मुद्दा सामाईक भागांचा. याच एक्स-जे २२० चे मागचे दिवे रोव्हर २०० या सामान्य कुटुंबाच्या मोटारीवरून घेतलेले होते, आणि तिचें इंजिन एम. जी. मेट्रो या छोट्या गाडीच्या शर्यती आवृत्तीवरून सिद्ध केलेलें होतें. लँबोर्गिनी कंपनीनें आपल्या डियाब्लो गाडीच्या शेवटच्या काळांतील आवृत्त्यांना जपानी निस्सान गाडीचे पुढचे दिवे बसविले. अशा गोष्टी कळल्या म्हणजे कित्येकांना फसवणूक झाल्यासारखें वाटतें. राजवाड्याच्या दाराला वाड्यांतली कडी कां, असा त्यांचा प्रश्न असतो.

उत्तर साध्या भागाकारांत आहे. समजा, एका दिव्याचा सांचा करणें, त्याच्या चांचण्या घेणें आणि सरकारी मान्यता मिळविणें यांस पांच कोटि रुपये लागले. पांच लाख गाड्यांत हा खर्च वांटला तर गाडीमागें शंभर रुपये पडतात. पांचशें गाड्यांत वांटला तर गाडीमागें एक लाख रुपये पडतात. दिव्यासारखेच आरसे, कुलुपें, खिडक्यांच्या मोटरी, सुकाणूची नळी, हवापिशव्या असे शेंकडों भाग असतात. ते सर्व नव्यानें घडविणाऱ्या छोट्या कंपनीचें दिवाळें निघण्यास फार वेळ लागत नाहीं. शिवाय जो भाग लाखों गाड्यांत ऊन, पाऊस आणि खड्डे सोसून टिकला आहे, तो नव्या व अपरीक्षित भागापेक्षां बहुधा अधिक भरंवशाचा असतो. म्हणून सामाईक भाग ही लाजेची बाब नाहीं. उलट, येणाऱ्या गाडीचे भाग कोठून येणार याचा नीट पत्ता लागत असेल, तर ती गाडी खरोखर येण्याचा संभव वाढतो.

मात्र एवढ्यानेंच काम भागत नाहीं, हें टाटा मोटर्सच्या रेसमो या छोट्या क्रीडामोटारीच्या इतिहासावरून दिसून येतें. मार्च २०१७ मध्यें जिनिव्हाच्या प्रदर्शनांत ती मांडली गेली. लांबी चार मीटरांच्या आंत, आसनें दोन, आणि इंजिन चालकाच्या पाठीमागें. तें इंजिन १.२ लिटरचें टर्बो पेट्रोल जातीचें, म्हणजे त्याच वर्षीं बाजारांत आलेल्या नेक्सॉन या घरगुती मोटारींतील इंजिनाच्या कुळांतलें होतें. त्याची शक्ति मात्र वाढवून १९० अश्वशक्ति केलेली होती. भाग हाताशीं होते, आराखडा नेटका होता, लोकांची वाहवाहि मिळाली होती. तरीहि ती गाडी विक्रीस आली नाहीं. थोड्या गाड्या विकून होणारें नांव आणि त्यासाठीं गुंतवावा लागणारा पैसा यांचा मेळ बसणें कठीण असतें. ज्या कंपनीला रोजच्या गाड्यांच्या बाजारांतच आपलें पाऊल सांवरावयाचें असतें, तिला असा शौक आधीं बाजूस ठेवावा लागतो.

दुसरें उदाहरण महिंद्र समूहाचें. या समूहानें २०१५ सालीं इटलींतील पिनिनफरिना ही नामांकित आकाररचनाकारांची कंपनी घेण्याचा करार केला, आणि २०१८ सालीं ऑटोमोबिली पिनिनफरिना ही मोटार-कंपनी स्थापन झाली. तिची बातिस्ता ही गाडी २०१९ सालीं जिनिव्हा येथें प्रकट झाली. ती पूर्णपणें विजेवर चालते. शक्ति सुमारें १९०० अश्वशक्ति, बॅटरी १२० युनिटांची, आणि संख्या १५० पेक्षां अधिक नाहीं. शून्यापासून ताशीं शंभर किलोमीटर वेग गांठण्यास तिला दोन सेकंदहि लागत नाहींत. आतां तिच्या अंतरंगाकडे पाहिलें तर बॅटरी आणि विद्युत् मोटरी क्रोएशियांतील रिमाक कंपनीच्या आहेत, आणि त्याच घराण्याचें यंत्र रिमाकच्या स्वतःच्या नेव्हेरा या गाडींतहि आहे. म्हणजे भांडवल मुंबईचें, रूप इटलीचें, बळ क्रोएशियाचें. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु आपल्या वांट्याला यांतील कोणता भाग आला, हा प्रश्न विचारी माणसाच्या मनांत उभा राहिल्याशिवाय राहत नाहीं.

तिसरा मुद्दा संकरित यंत्राचा. पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडींत नांदविण्याची कल्पना नवी नाहीं. फर्डिनांड पोर्शे यानें १९०० च्या सुमारासच अशी गाडी बनविली होती. विजेची मोटर थांबलेल्या स्थितींतूनच पूर्ण जोर देते, तर पेट्रोलचें इंजिन जलद फिरूं लागल्यावर रंगांत येतें. एकाचें उणें दुसरें भरून काढतें. दुसरा लाभ असा कीं, गाडी थांबवितांना एरव्हीं उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी शक्ति मोटर उलट चालवून बॅटरींत परत सांठवितां येते.

हा लाभ किती, तें समजून घेण्यास बोरघाट चांगला उपयोगी पडतो. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत उतरतांना गाडी सुमारें साडेपांचशें मीटर खालीं येते. तिचें वजन दीड हजार किलो धरलें, तर या उतारांत मोकळी होणारी शक्ति सुमारें सव्वादोन युनिट विजेइतकी भरते. साध्या मोटारींत ती ब्रेक तापविण्यांत आणि इंजिनाच्या रोधांत संपते. संकरित गाडींत हवेचा विरोध, टायरांचें घर्षण आणि यंत्रांतील घट वजा जाऊन निम्मी शक्ति जरी हातीं लागली, तरी सपाटीवर छोट्या विद्युत् मोटारीला सात-आठ किलोमीटर जाण्यापुरती ती होते. मुंबई-पुणें रेल्वेच्या विद्युतीकरणाच्या वेळीं, १९२८ च्या सुमारास, जी मालगाडीचीं विजेचीं इंजिनें या मार्गावर आलीं आणि ज्यांना लोक 'खेकडा' म्हणत, त्यांच्यांत हीच युक्ति योजलेली होती. उतरणारी गाडी तारेंत वीज परत घाली. तेव्हां हें तत्त्व या घाटाला जुनेंच परिचयाचें आहे.

२०१३ च्या सुमारास फेरारी, मॅक्लारेन आणि पोर्शे या तिघींनींहि संकरित सुपरकार बाजारांत आणल्या. त्यांच्या बरोबरीनें चौथी येऊं शकली असती, आणि तिच्यामागें मुंबईचें भांडवल असतें. टाटा मोटर्सनें २००८ सालीं फोर्डकडून जग्वार व लँड रोव्हर विकत घेतल्यानंतर, २०१० सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत जग्वारनें सी-एक्स ७५ ही गाडी मांडली. तिच्यांत दर चाकाला एक अशा चार विद्युत् मोटरी होत्या, आणि बॅटरी भरण्यासाठीं विमानाच्या धर्तीचीं दोन छोटीं गॅस टर्बाइनें होतीं. २०११ सालीं विल्यम्स या शर्यतगाड्यांच्या कंपनीशीं सहकार्य करून जास्तींत जास्त २५० गाड्या काढण्याचें जाहीर झालें. टर्बाइनें मागें पडलीं. त्यांच्या जागीं १.६ लिटरचें चार सिलिंडरी इंजिन आणि दोन विद्युत् मोटरी आल्या. चालत्या प्रायोगिक गाड्या तयार झाल्या, चांचण्याहि झाल्या. आणि डिसेंबर २०१२ मध्यें, जगभरच्या आर्थिक ओढाताणीच्या कारणानें, योजना बंद करण्यांत आली. २०१५ सालीं 'स्पेक्टर' या चित्रपटांत खलनायकाच्या हातीं ती गाडी दिसली. परंतु पाठलागासाठीं बनविलेल्या त्या गाड्यांत संकरित यंत्र नव्हतें, साधें आठ सिलिंडरांचें इंजिन होतें. आकार टिकला, आणि ज्यासाठीं सारा खटाटोप केला तें अंतरंग मात्र पडद्यावर आलेंच नाहीं.

पुण्यांतहि असा एक प्रयत्न झाला. के. पी. आय. टी. आणि भारत फोर्ज या पुण्याच्या कंपन्यांनीं २०१० सालीं रेव्होलो नांवाची योजना पुढें मांडली. रस्त्यावर धांवणाऱ्या जुन्या मोटारीलाच मोटर आणि बॅटरी जोडून ती संकरित करावी, असा तिचा आशय होता. श्रीमंतांच्या गाडीऐवजीं सामान्यांच्या गाडीचा तिनें विचार केला होता. तीहि घरोघरीं पोहोंचली नाहीं. म्हणून ती कल्पना हीन ठरत नाहीं. कल्पना आणि बाजार यांच्यामध्यें मान्यता, किंमत, दुरुस्तीची सोय आणि लोकांचा विश्वास यांचा मोठा घाट असतो, एवढेंच तिनें दाखविलें.

या सर्वांतून पारखीचे कांहीं नियम सहज निघतात. येणाऱ्या गाडीची बातमी वाचतांना, तिचें इंजिन वा बॅटरी आज दुसऱ्या कोणत्या चालत्या गाडींत आहे, हें पहिल्यानें पाहावें. किती गाड्या विकून खर्च भरून निघणार, याचा दुसऱ्यानें विचार करावा. आणि बाजार मंदावला तर कंपनीजवळ दोन वर्षें कळ सोसण्याची ताकद आहे काय, हें तिसऱ्यानें विचारावें. रंग, दारांची उघडझांप आणि कमाल वेग यांची चर्चा त्यानंतर खुशाल करावी. द्रुतगति मार्गावर सपाटीला मर्यादा ताशीं शंभर किलोमीटरांचीच आहे, आणि ती दोन सेकंदांत गांठली काय किंवा बारा सेकंदांत गांठली काय, खालापूरच्या टोलनाक्यावर सर्वांना थांबावेंच लागतें.

राहिला तो आपल्या वांट्याचा प्रश्न. संपूर्ण सुपरकार आपल्याकडे होईपर्यंत आपला तिच्याशीं संबंध नाहीं, असें समजण्याचें कारण नाहीं. १९६१ सालीं स्थापन झालेल्या भारत फोर्जचे पोलादी घडीव भाग आज परदेशच्या वाहनांत जातात; पुण्यांतील ए. आर. ए. आय. ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चांचण्या करीत आहे. आणि मध्य प्रदेशांत पिठमपूर येथें ११.३ किलोमीटरांची अतिवेगाची चांचणी-वाट २०२१ सालीं खुली झाली आहे. भाग घडविणारे हात, तपासणारी दृष्टि आणि धांवण्यास जागा, हीं तीन साधनें सिद्ध आहेत. सुकापूरच्या एखाद्या तरुणानें झांकलेल्या गाडीच्या छायाचित्रावर तर्क लढवावेत, त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु त्या आच्छादनाखालीं असलेला एखादा गियर, एखादी मोटर, एखादी बॅटरी आपल्या हातून उत्तम घडावी, ही इच्छा त्याच्या मनांत उत्पन्न झाली, तर त्या कुतूहलाचें चीज झालें असें म्हणतां येईल.