विमाने थांबतात तेव्हा

प्रवासास निघालेल्या माणसाला विलंब सहन होतो; परंतु तो विलंब किती वेळाचा आणि कशामुळे, हे कोणीच सांगू नये, ही स्थिती त्याला असह्य होते. आगगाडी वाटेत थांबली, तर डब्यातली माणसे खिडकीतून डोकावून सिग्नल तरी पाहतात. विमानप्रवाशाला तेवढाही आधार नसतो. काचेपलीकडे विमान उभे असते, वर आकाश निरभ्र असते, आणि तरीही उड्डाण रद्द झाल्याची अक्षरे फलकावर उमटलेली असतात. अशा वेळी विमान कंपन्यांनी काय बोलावे, आणि वृत्तपत्रांनी व नभोवाणीने काय सांगावे, हा प्रश्न नुसत्या सौजन्याचा राहत नाही; तो विश्वासाचा होतो. या विश्वासाची मोठी परीक्षा एप्रिल २०१० मध्ये युरोपात झाली.

आइसलँडमधील एयाफ्याट्लायोकुट्ल नावाच्या ज्वालामुखीचा त्या महिन्याच्या १४ तारखेस हिमनदीखाली उद्रेक झाला. तप्त रस आणि बर्फ यांची गाठ पडून अत्यंत बारीक राख उसळली, आणि वायव्येकडील वाऱ्याने ती युरोपवर आणून सोडली. १५ तारखेपासून सुमारे सहा दिवस उत्तर व मध्य युरोपातील आकाशाचा फार मोठा भाग बंद राहिला. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली आणि जवळजवळ एक कोटी प्रवाशांचा खोळंबा झाला. केनियातील शेतकऱ्यांची युरोपला जाणारी फुले आणि भाज्या विमानांवाचून कुजून गेल्या. भारतातून युरोपला जाणारी अनेक विमानेही जमिनीवरच राहिली.

राखेची एवढी धास्ती का, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. याचे उत्तर जुन्या अनुभवात होते. २४ जून १९८२ रोजी लंडनहून निघून मुंबई, क्वालालंपूर असे मुक्काम करीत ऑस्ट्रेलियाकडे चाललेले एक जंबो विमान जावा बेटावरील गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही एंजिने बंद पडली. विमान बरेच खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली, म्हणूनच ते जाकार्ताला सुखरूप उतरू शकले. १९८९ च्या डिसेंबरात अलास्कावर दुसऱ्या एका विमानावर हाच प्रसंग आला. राखेतील काचेसारखे कण एंजिनाच्या उष्णतेत वितळतात, आतील पात्यांवर थिजतात आणि एंजिनाचा श्वास कोंडतात. म्हणून राख दिसली की टाळावी, एवढाच नियम रूढ झाला होता. किती राख चालेल, याचे मोजमाप मात्र कोणी ठरविलेले नव्हते.

हे मोजमाप नसल्यामुळेच पुढचा सगळा वाद उद्भवला. पहिले दोन दिवस कंपन्यांनी बंदी निमूटपणे पाळली. मग तोट्याचे आकडे वाढू लागले. अखेर तो सुमारे १७० कोटी डॉलरवर गेल्याचा अंदाज विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केला. तेव्हा कंपन्यांनी रिकामी विमाने चाचणीसाठी आकाशात पाठविली. के. एल. एम. आणि ब्रिटिश एअरवेज यांचे प्रमुख अधिकारी स्वतः अशा विमानांत बसले. विमाने सुखरूप उतरली आणि तपासणीत एंजिने निर्दोष आढळली. ही कृती धीराची होती, यात संशय नाही. पण ती जाहिरातही होती. एका मार्गावर, एका दिवशी विमान सुखरूप उतरले, एवढ्याने सर्व मार्ग निर्धोक ठरत नाहीत, हे छायाचित्रांखालच्या मजकुरात सांगण्यास फारशी जागा नव्हती.

वृत्तसंस्थांचा प्रवासही असाच झाला. प्रथम त्या ज्वालामुखीच्या नावाचा उच्चार करताना वृत्तनिवेदकांची उडालेली तारांबळ हाच करमणुकीचा विषय झाला. नंतर राखेचे भय रंगविण्यात आले. आकाश मोकळे होताच त्याच वृत्तपत्रांपैकी काहींनी, ही बंदी अनाठायी तर नव्हती ना, असा सवाल अधिकाऱ्यांना केला. विमान पडले असते, तर हाच सवाल उलट्या शब्दांत विचारला गेला असता. संकट टळले की सावधगिरी मूर्खपणासारखी दिसू लागते, हे सार्वजनिक कामात पडलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. पुढे २०११ मध्ये आइसलँड व कोपनहेगन येथील शास्त्रज्ञांनी त्या राखेचे कण तपासले. ते अतिशय तीक्ष्ण व झीज घडविणारे असल्याचे त्यांना आढळले, आणि बंदीची चिंता सकारण होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. परंतु तोवर मथळे दुसरीकडे वळले होते.

तरीही त्या दिवसांत चांगले कामही झाले. काही कंपन्यांनी समाजमाध्यमांवरून एकेका प्रवाशाच्या प्रश्नाला उत्तर देण्यास आरंभ केला. दूरध्वनीवर तासन्‌तास ताटकळणाऱ्या माणसाला, तुमचे म्हणणे ऐकले आहे, एवढे शब्दही पुष्कळ वाटले.

परंतु गोड शब्दांची कसोटी पैशांच्या व्यवहारात लागते. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाप्रमाणे, कारण कंपनीच्या हाताबाहेरचे असले तरी अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणाची व निवाऱ्याची सोय कंपनीनेच करावयाची असते. रायनएअरने आरंभी फक्त तिकिटाइतकीच रक्कम देऊ, असे जाहीर केले. टीका होताच तो पवित्रा सोडला. पुढे याच कंपनीविरुद्धचा एक दावा युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. आपत्ती कितीही असाधारण असली तरी प्रवाशाची काळजी घेण्याचे कर्तव्य संपत नाही, असा निर्णय न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ रोजी दिला.

त्या सहा दिवसांच्या अखेरीस राखेचे प्रमाण मोजून मर्यादा आखण्यात आल्या आणि आकाशाचे विभाग पाडण्यात आले. ज्ञानाची ही उणीव आधीच भरून काढली असती, तर पुष्कळ मनस्ताप टळला असता.

हिवाळ्यात दिल्लीच्या धुक्यात अडकलेल्या प्रवाशाला ही कथा परकी वाटणार नाही. त्याला धुके हटविणारा कोणी नको असतो. ते कोणाच्या हाती नाही, हे तो जाणतो. काय ठाऊक आहे, काय अद्याप ठाऊक नाही, आणि पुढची खबर किती वाजता मिळेल, एवढे खरेपणाने सांगणारा माणूस त्याला हवा असतो. कंपनीचा कारकून असो की नभोवाणीचा निवेदक, एवढे सांगणे दोघांच्याही हाती असते. ते मिळाले, की बाकावर रात्र काढणारा प्रवासीही उशाशी पिशवी घेऊन थोडा वेळ डोळे मिटू शकतो.