पाया घालणारी पिढी आणि आपले वाचन
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेचे राष्ट्र ज्यांनी उभे केले त्या पिढीविषयी आपण का वाचावे, आणि वाचायचेच तर इतिहास वाचावा की कादंबरी, हा आजचा विषय आहे. गोंदियाच्या भातगिरण्या, विडीचे काम आणि रेल्वे जंक्शन यांच्या परिसरात राहणाऱ्या पालकांना वाटेल की, हा विषय आपल्या उंबरठ्यापासून फार दूरचा आहे. मुलाला गणित-विज्ञान यावे, चार पैसे मिळवता यावेत, एवढे पुरे. वॉशिंग्टन-जेफरसनशी आपले काय देणेघेणे? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी तुम्हाला अमेरिकेत नेत नाही, पुण्यात नेतो.

जोतीराव फुले लहान असताना त्यांच्या वडिलांनी, गोविंदरावांनी, लोकांच्या सांगण्यावरून त्यांची शाळा बंद केली. मुलगा मळ्यात काम करू लागला. त्यांच्या शेजारी गफार बेग मुन्शी नावाचे उर्दू-फारसीचे शिक्षक राहत. त्यांनी आणि लिजिट नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. एका शेजाऱ्याने एका बापाला दोन शब्द सांगितले, एवढीच ही घटना. परंतु त्या दोन शब्दांचे फळ किती मोठे निघाले ते पाहा. विद्यार्थिदशेत जोतीरावांनी शिवाजी महाराजांचे आणि जॉर्ज वॉशिंग्टनचे चरित्र वाचले. १८४७ च्या सुमारास थॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ त्यांच्या हाती आला. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. १८६९ साली शिवाजी महाराजांवर पवाडा लिहिला आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्यांनी अर्पण केला अमेरिकेतील सज्जनांना, कारण त्यांनी काळ्या लोकांची गुलामगिरी नष्ट करण्यासाठी त्याग केला होता.

या अर्पणपत्रिकेचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्यांनी राष्ट्राचा पाया घातला त्या वॉशिंग्टन-जेफरसन यांना हा ग्रंथ अर्पण केलेला नाही. त्या पिढीने जो शब्द दिला आणि अपुरा ठेवला, तो पुढे ज्यांनी पुरा केला, त्यांना तो अर्पण केलेला आहे. थोर पुरुषांविषयी वाचावे कसे, हे जोतीरावांनी या एका कृतीने दाखवून दिले. त्यांचा शब्द घ्यावा, आणि त्या शब्दातून कोण वगळले गेले हेही विचारावे.

आता त्या पिढीकडे वळू. ४ जुलै १७७६ रोजी अमेरिकेतील तेरा वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. त्याचा मसुदा थॉमस जेफरसनने लिहिला. तेव्हा त्याचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. सर्व माणसे समान जन्मतात, हे त्या जाहीरनाम्याचे सूत्र. या जेफरसनने कायद्याचा अभ्यास करीत असताना १७६५ साली कुराणाचे इंग्रजी भाषांतर विकत घेतले होते. त्याची ती प्रत आजही अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयात आहे, आणि तिथल्या काँग्रेसवर निवडून आलेले पहिले मुस्लिम सभासद कीथ एलिसन यांनी जानेवारी २००७ मध्ये शपथविधीसाठी तीच प्रत वापरली. व्हर्जिनिया राज्याचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ साली मंजूर झाला, त्याचा मसुदाही जेफरसनचाच. त्या कायद्याच्या संरक्षणात मुसलमान आणि हिंदू हेसुद्धा येतात, अशी नोंद त्याने आत्मचरित्रात केली आहे.

हे ऐकून मन प्रसन्न होते. पण इतिहासाचे पान इथेच मिटू नका. याच जेफरसनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. १७८७ च्या राज्यघटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब मांडला गेला. वॉशिंग्टनने १७९९ साली मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ गुलामांच्या मुक्ततेची तरतूद केली, हे खरे. पण हयातभर तो त्यांचा मालक होता, हेही खरे. गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ साली एका भाषणात आपल्या गोऱ्या श्रोत्यांना बजावले की, स्वातंत्र्यदिनाचा हा उत्सव तुमचा आहे, गुलामाचा नाही. घटनेने गुलामगिरी बंद केली ती १८६५ साली, म्हणजे जाहीरनाम्यानंतर ८९ वर्षांनी.

इतिहास आपल्याला असे आकडे, तारखा आणि कागद देतो. मग कादंबरीचे काम काय? ‘गोष्टीची पुस्तके वाचून मुले बिघडतात’ अशी तक्रार पालक करतात, म्हणून याचा थोडा विचार केला पाहिजे.

वॉशिंग्टनच्या मौंट व्हर्नन येथील मालमत्तेची १७७४ सालची एक करयादी आहे. त्यात दोन गुलाम स्त्रियांची नावे आहेत: ‘फातिमर’ आणि ‘लिटल फातिमर’. बहुधा आई आणि मुलगी. फातिमा हे नाव आपल्याला परके नाही. ज्या सेनापतीने स्वातंत्र्याचे युद्ध जिंकले, त्याच्या शेतावर दोन फातिमा राबत होत्या! त्या आफ्रिकेतल्या कोणत्या गावच्या, घरी कोणती भाषा बोलत, मायलेकींनी एकमेकींना काय सांगितले, हे ती यादी सांगत नाही. कागद नावापाशी संपतो. इतिहासकाराला तिथे थांबावेच लागते. तो त्याचा धर्म आहे. पुढे पाऊल टाकण्याची मुभा फक्त कादंबरीकाराला असते.

अॅलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ या १९७६ च्या कादंबरीने ते पाऊल टाकले. तिचा नायक कुंटा किंटे हा गांबियातील मुस्लिम तरुण. १७६७ साली त्याला जहाजाच्या तळाशी साखळदंडात घालून अमेरिकेत आणतात. म्हणजे वॉशिंग्टन-जेफरसन यांच्या कर्तृत्वाचा जो काळ, तोच याच्या दास्याचा. लक्षावधी वाचकांना तो काळ प्रथमच खालच्या बाजूने दिसला. परंतु लेखकाने आपल्या घराण्याची म्हणून जी वंशावळ सांगितली होती, ती पुढे संशोधकांच्या कसोटीला उतरली नाही, आणि पुस्तकातील काही मजकूर दुसऱ्या लेखकाचा असल्याच्या दाव्यात हेली यांना १९७८ साली तडजोड करावी लागली. तेव्हा कादंबरी वाचून गुलामाचे दुःख समजून घ्यावे, पण तिच्यातील वंशावळ पुरावा म्हणून पुढे करू नये.

दुसरे उदाहरण तुम्हा सर्वांच्या परिचयाचे आहे. लहानग्या वॉशिंग्टनने कुऱ्हाडीने चेरीचे झाड तोडले आणि वडिलांपुढे खरे सांगितले, ही गोष्ट शाळेत किती पिढ्यांनी ऐकली असेल! ती मेसन वीम्स या चरित्रकाराने वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर, चरित्राच्या १८०६ सालच्या आवृत्तीत घातली. तिला विश्वसनीय आधार नाही. सत्य बोलण्याचा धडा देणारी गोष्टच रचलेली निघाली. श्रद्धेच्या भरात थोर माणसांवर असे मुलामे चढतात. मुलाम्याने त्या माणसाचे मोल वाढत नाही, उलट खऱ्या नाण्याचीही लोकांना शंका येऊ लागते.

मित्रहो, दूरच्या घराची भिंत ठोकून पाहताना आपला हात थरथरत नाही. म्हणूनच ही परीक्षा मी अमेरिकेच्या उदाहरणावर करून दाखवली. आता तीच कसोटी आपल्या घराला लावण्याचे धैर्य हवे.

आपल्या मुलांची स्थिती पाहा. अनेकांच्या घरात उर्दू, बाजारात हिंदी आणि शाळा-कचेरीत मराठी. घरातल्या कपाटात नसीम हिजाझींच्या कादंबऱ्या असतात. शाळेच्या वाचनालयात रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ असते. एकीकडचे वीर एका बाजूचे, दुसरीकडचे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही पुस्तके वाचणाऱ्या मुलाच्या मनात ओढाताण होते आणि कोणते तरी एकच कपाट आपले, असे त्याला वाटू लागते. तसे मानण्याचे कारण नाही. दोन्ही कादंबऱ्या आहेत. दोन्ही आवडीने वाचाव्यात आणि दोन्हींना तेच प्रश्न विचारावेत. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. कादंबरी वाचणाऱ्याने ती वगळू नये, कारण कादंबरीच्या दारातच तिथे इतिहासाची चर्चा केलेली आहे.

आणखी एक नाव घेतो. सावित्रीबाई फुले यांच्या समग्र वाङ्मयात १० ऑक्टोबर १८५६ चे एक पत्र छापलेले आहे. आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. आपल्या मागे फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्या पत्रात आहे. अलीकडे या फातिमा शेख यांच्याविषयी दोन टोके दिसतात. कोणी प्रेमापोटी आधार नसलेल्या गोष्टी त्यांच्या नावावर जोडतो. कोणी त्या नव्हत्याच असे म्हणून मोकळा होतो. आपण दोन्ही टाळावे. पत्रात जेवढे आहे तेवढे ठामपणे सांगावे, त्याहून एक अक्षर जास्त सांगू नये. उद्या आपल्याच एखाद्या मुलीने त्यांच्यावर कादंबरी लिहिली तर तिचे कौतुक करावे, पण मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ हा शब्द ठळक छापावा.

यासाठी विद्यार्थ्यांना एक साधा उपाय सांगतो. ऐतिहासिक पुस्तक वाचताना जवळ एक वही ठेवा आणि पानाचे तीन भाग करा. पहिल्यात ज्याला कागदाचा आधार आहे ते लिहा. दुसऱ्यात लेखकाने कल्पनेने भरले ते लिहा. तिसऱ्यात या गोष्टीत कोण दिसत नाही ते लिहा. तिसरा भाग भरणे सर्वांत कठीण आहे, आणि सर्वांत मोलाचे आहे. पालकांना विनंती अशी की, मुलगा असो वा मुलगी, तिच्या हातातले पुस्तक परीक्षेचे नाही एवढ्यावरून काढून घेऊ नका. आपण गोविंदराव असू, तर एखाद्या मुन्शीजींचे ऐकावे. आपले घर सुशिक्षित असेल, तर शेजारच्या मुलासाठी आपणच मुन्शीजी व्हावे.

शेवटी आपल्या भूमीकडे येतो. जोतीरावांना गुरू मानणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या त्या घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. आपली संस्था त्याच पायावर उभी आहे. आणि हेच बाबासाहेब १९५४ साली भंडारा मतदारसंघातील लोकसभेच्या पोटनिवडणुकीत पराभूत झाले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. स्वतंत्र जिल्हा झाला १९९९ साली. आपल्या पाठ्यपुस्तकांत घटनेचे शिल्पकार आहेत, पण हा पराभव क्वचितच आढळतो. तुमच्या वहीतील तिसऱ्या भागाची सुरुवात इथूनच करा. गावात नव्वदीचे कोणी वडीलधारे असतील तर त्यांच्याजवळ बसा, त्या निवडणुकीत लोक काय बोलत होते ते विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा.

पाया घालणारी पिढी आपल्याला शब्द देऊन जाते. तो शब्द पाठ करणे सोपे आहे. तो कोणापर्यंत पोहोचला नाही, हे शोधून तिथवर पोहोचवणे हे वाचणाऱ्या पिढीचे काम आहे. हे काम आपल्या विद्यार्थ्यांच्या हातून घडो, अशी इच्छा व्यक्त करतो.