स्टेशनाचा जिना



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी परंपरा आहे. आम्ही गेटसभांत बोलणारे, तेव्हा विषयही रोजच्या पायाखालचा घेतला आहे. मुंबईत लोअर परळ आणि दादर यांच्यामध्ये एक लहानसे स्टेशन आहे. 2018 पर्यंत त्याचे नाव एलफिन्स्टन रोड होते. आता ते प्रभादेवी. एलफिन्स्टनसाहेब 1853 ते 1860 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. नावाची कथा एवढीच. खरी कथा जिन्याची आहे.

गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगार तीन पाळ्यांत जात-येत: सकाळी सातला, दुपारी साडेतीनला, रात्री बाराला. त्यातले पुष्कळ आसपासच्या चाळींत राहत आणि भोंगा ऐकून पायी निघत. वस्ती दाट, पण स्टेशनावर भार बेताचा.

18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि जमिनीचा प्रश्न आला. 1991 च्या नियमाने वाटणी सांगितली: एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उठले. तेथे काम करणारा माणूस शेजारी राहत नाही. तो विरारहून येतो, डोंबिवलीहून येतो, आणि सगळे एकाच वेळी येतात. जिना मात्र तोच राहिला!

29 सप्टेंबर 2017, दसऱ्याच्या आदला दिवस. सकाळची वेळ, वर पाऊस, माणसे जिन्यावर थांबून राहिलेली. चेंगराचेंगरीत 23 जीव गेले. ऑक्टोबरअखेर नवा पूल लष्कराकडून बांधून घेण्याचे ठरले, आणि फेब्रुवारी 2018 अखेर तो खुलाही झाला. चार महिन्यांत पूल होतो, हे त्या दिवशी सर्वांना कळले. मग आधी का झाला नाही, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे.

2025 पर्यंत लागू असलेला 1948 चा कारखाना कायदा मालकाला बजावत असे की, आग लागली तर कामगाराला बाहेर पडण्याची वाट हवी. म्हणजे दाराच्या आत त्याच्या जिवाची मोजदाद आहे. तोच माणूस कामावर येताना जिन्यावर उभा असतो, तेव्हा त्याला कोण मोजतो? मनोऱ्याला परवानगी देण्यापूर्वी स्टेशनाचा जिना मोजा, एवढीच आमची मागणी आहे. नाव बदलले, ठीक झाले. पण नावाच्या पाटीवरून कोणी चालत नाही. चालावे लागते ते पायऱ्यांवरून.